सभापतींच्या खुर्चीतून रोजगाराची हमी : वि. स. पागे यांचे प्रकरण

विठ्ठल सखाराम पागे जुलै १९६० ते एप्रिल १९७८ अशी जवळजवळ अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना 'पागे योजना' म्हणून ओळखली जाते ती त्यांच्यामुळेच. वरवर पाहता या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. सभापतींकडे खाते नसते. सभागृहात ते कोणत्याही बाजूने भाषण करत नाहीत. राज्यघटनेच्या कलम १८९ प्रमाणे ते पहिल्या फेरीत मतही देत नाहीत. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली, तरच त्यांचे निर्णायक मत मोजले जाते. शिवाय परिषदेच्या हाती पैशाची दोरी नाही. कलम १९८ प्रमाणे धनविधेयक परिषदेत मांडता येत नाही. विधानसभेने पाठवलेले धनविधेयक चौदा दिवसांत शिफारशींसह परत करायचे, आणि त्या शिफारशी मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. रोजगार हमी तर अथपासून इतिपर्यंत पैशाचाच मामला. म्हणजे ज्याला बोलायचे नाही, मत द्यायचे नाही आणि ज्याच्या सभागृहाला तिजोरीला हात लावता येत नाही, अशा माणसाच्या कल्पनेतून मागणाऱ्या प्रत्येक प्रौढाला अकुशल काम देण्याचे बंधन राज्यावर आले. देशात असे बंधन कोणत्याही राज्याने त्याआधी कायद्याने घालून घेतले नव्हते. ते कोणत्या टप्प्यांनी आले, प्रत्येक टप्प्यावर पागे यांनी नेमके काय पदरात पाडून घेतले आणि काय सोडून दिले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

माणूस आणि त्याची बाजू

पागे यांचा जन्म १९१० चा, सांगली जिल्ह्यातला. शिक्षण वकिलीचे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास. पक्ष काँग्रेस, ओढा गांधी-विनोबांच्या विचाराकडे आणि संतवाङ्मयाकडे. त्या काळच्या राजकारणात ते मध्यममार्गी गणले जात. रोजगाराच्या प्रश्नावर त्यांची भूमिका नेमकी कुठे होती, हे पाहिल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही.

एका टोकाला सरकारी यंत्रणा होती. तिच्या लेखी ग्रामीण भागात काम पुरवणे म्हणजे दुष्काळी काम. ब्रिटिश अमदानीपासूनची पद्धत अशी की पिकाची आणेवारी (नेहमीच्या पिकाच्या तुलनेत रुपयात किती पीक आले त्याचा सरकारी अंदाज) काढायची, ती ठरावीक मर्यादेखाली गेली की टंचाई जाहीर करायची, मग खडी फोडण्याची नि रस्त्याची कामे काढायची, आणि पाऊस पडला की बंद करायची. काम सुरू होणार ते कलेक्टर कचेरीने टंचाई जाहीर केल्यावर. मजुराच्या घरात चूल पेटते की नाही, याचा त्या निर्णयाशी थेट संबंध नव्हता. दुसऱ्या टोकाला डावे पक्ष आणि शेतमजूर संघटना होत्या. त्यांची मागणी कामाच्या पूर्ण हक्काची, आणि त्याच्या जोडीला जमिनीच्या फेरवाटपाची.

पागे यांनी दोन्हीतला एकेक भाग घेतला. कामाचे स्वरूप पहिल्या बाजूचे ठेवले : ग्रामीण, अकुशल, अंगमेहनतीचे, रोजच्या पोटापुरते. ते सुरू कधी करायचे, हा अधिकार मात्र त्यांनी कचेरीकडून काढून मजुराकडे दिला. मजुराने अर्ज केला की काम निघाले पाहिजे. मग आणेवारी साठ पैसे असो की नव्वद. त्यांचे सगळे वेगळेपण या एका बदलात आहे. जमिनीच्या मालकीला त्यांनी हात घातला नाही. शेतमजूर चळवळीचा या योजनेवरचा आक्षेप त्या वेळी तिथेच होता आणि तो रास्त होता. पण जमिनीला हात न घातल्यामुळेच बागायतदार आमदारांनी योजनेला आडवे पाय घातले नाहीत, हेही तितकेच खरे.

विसापूर : किती लोक येतील?

कामाची हमी द्यायची म्हटली की अर्थखात्याचा पहिला प्रश्न ठरलेला : उद्या अर्धा जिल्हा फावडे घेऊन उभा राहिला तर? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही, कारण विचारणाऱ्याजवळ आकडा नसतो आणि सांगणाऱ्याजवळही नसतो. पागे यांनी उत्तर गावातून आणायचे ठरवले. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर त्यासाठी निवडले गेले. १९६५ मध्ये तिथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू झाला. आज तासगाव म्हटले की द्राक्षे आणि बेदाणे आठवतात. तेव्हा हा पर्जन्यछायेतला कोरडवाहू मुलूख होता. खरिपाची सुगी आटोपली की हाताला काम नसे.

असा प्रयोग गावात केला की दोन गोष्टी उघड होतात, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्यांवरच उभा राहिला. पहिली म्हणजे उन्हात दिवसभर माती उपसण्याच्या कामाला ज्याला दुसरे काही मिळत नाही तोच येतो. दाखला लागत नाही, उत्पन्नाची चौकशी लागत नाही. काम स्वतःच गरजू निवडून देते. दारिद्र्यरेषेच्या याद्या करताना तलाठी-ग्रामसेवकांच्या टेबलावर जे हेवेदावे चालतात, ते इथे उद्भवतच नाहीत. दुसरी गोष्ट अशी की मागणी वर्षभर सारखी नसते. पेरणी-काढणीला ती ओसरते, उन्हाळ्यात चढते. म्हणजे खर्चाचा अंदाज बांधता येतो आणि शेतकऱ्याला हंगामात मजूर मिळणार नाहीत ही भीतीही बरीच कमी होते.

पागे यांच्या कारकिर्दीतली ही पायरी लोक भरभर ओलांडून जातात. खरे तर बाकी सगळे हिच्यावर उभे आहे. त्यांना सभागृहात बोलता येत नव्हते, पण मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिता येत होते, अधिकाऱ्यांना गावात बोलावता येत होते, आणि सभापती म्हटल्यावर जिल्हाधिकारी येतही होते. पद भाषणाला आड येत होते, तेच प्रयोगाला उपयोगी पडले. १९६९ मध्ये एकात्मिक क्षेत्र विकासाच्या योजनेत हा विचार निवडक गावांत विस्तारला गेला. वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ मध्ये जो पंधरा कलमी कार्यक्रम हाती घेतला, त्यात रोजगार हमी हे राज्यभराचे कलम झाले. अजून कायदा नव्हता. शासन निर्णय होता.

दुष्काळाने काय शिकवले

योजना कागदावर आली आणि लगेच १९७२ चा दुष्काळ पडला. हमी बाजूला ठेवून सरकारला टंचाईचीच कामे काढावी लागली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या बायका, पोराबाळांसाठी वाटलेली सुकडी, मैलोन्‌मैल मातीचे रस्ते. त्या पिढीने हे सगळे डोळ्यांनी पाहिले.

पागे यांच्या दृष्टीने या वर्षाचा अर्थ दुहेरी होता. इतक्या लोकांना काम पुरवणे महाराष्ट्राच्या यंत्रणेला जमते, हे सिद्ध झाले. महसूल, पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन ही खाती एका जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली एकत्र राबली. विसापूरच्या प्रयोगाला कोणी 'एका गावापुरते ठीक' म्हणत असेल, तर आता ती सोय उरली नाही. दुसरीकडे, फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले. पैसा गेला, पोट भरले, मागे काही राहिले नाही. म्हणून हमी योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा उत्पादक कामाची अट ठळक झाली : पाझर तलाव, नालाबंडिंग, समपातळी बांध, विहिरी, वनीकरण, आणि मग रस्ते.

याच काळात गावोगाव मोर्चेही निघाले. शेतमजूर संघटना आणि डाव्या पक्षांनी तहसील कचेऱ्यांना घेराव घातले, त्यात बायकांची संख्या मोठी होती. पागे यांचे श्रेय मोठेच आहे, पण त्यांनी एकट्याने शांतपणे हे घडवले असे चित्र काढणे चूक ठरेल. रस्त्यावर दबाव नसता तर सचिवालयात त्यांचा मसुदा किती काळ फिरत राहिला असता, कोण जाणे. मध्यममार्गी माणसाचे काम इथे वेगळे होते. मोर्चा दारात आला तेव्हा सरकारच्या हातात देण्याजोगे काहीतरी तयार होते, आणि ते त्यांनी आधीच तयार करून ठेवले होते.

पैसा : पगारपत्रकातली एक ओळ

महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेपुढे पगार असणाऱ्या कोणाच्याही पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. बहुतेकांना ती कुठली वजावट ते ठाऊक नसते. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. तेव्हा राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका माणसाकडून वर्षाला २५० रुपयांपेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नसे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती मर्यादा २,५०० झाली, आणि आजचा आकडा तिथूनच येतो.

व्यवसाय कर एकटा नव्हता. जमीन महसुलात वाढ, शिक्षण उपकराला जोडलेला रोजगार हमी उपकर, मोटार वाहन करावरचा जादा भार, विक्रीकरावरचा अधिभार, असे अनेक झरे एका निधीत सोडले गेले. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी व्यवस्था झाली.

ही रचना राजकीयदृष्ट्या फार विचाराने केलेली दिसते. योजना नेहमीच्या अर्थसंकल्पात एक शीर्ष म्हणून ठेवली असती, तर पहिल्याच काटकसरीच्या वर्षी तिच्यावर कात्री चालली असती. स्वतंत्र कर आणि स्वतंत्र निधी असला की अर्थमंत्र्याला एकच पर्याय उरतो : या नावाने गोळा केलेला पैसा दुसरीकडे वळवला हे उघड मान्य करणे. कराचा मोठा वाटा मुंबई-पुण्याच्या पगारदारांकडून आणि व्यापारातून येणार, काम मात्र गावात निघणार. ग्रामीण आमदारांना, मग ते सत्तेत असोत वा विरोधात, नाही म्हणायला कारणच नव्हते. बागायतदाराच्या विहिरीला पाझर तलावाचे पाणी येणार होते, मजुराला मजुरी मिळणार होती, आणि दोघांचे मत एकाच पेटीत पडत होते. शहरातल्या पगारदाराने कुरकुर केली, पण १९७२ ची छायाचित्रे त्याच्याही डोळ्यांसमोर होती.

इथे पागे यांच्या पदाची मर्यादा पुन्हा आठवावी. यातला एकही कर त्यांच्या सभागृहाला अडवता किंवा घडवता येत नव्हता. तो विधानसभेत, अर्थमंत्र्यांच्या नावाने मंजूर व्हायचा होता. स्वतःचे नाव कुठेही येऊ न देता दुसऱ्याच्या हातून विधेयक मांडून घेणे, आणि त्याला हे आपलेच काम आहे असे वाटू देणे, हे कौशल्य फार थोड्या आमदारांकडे असते.

पैसा बांधून घेण्यात एक खोच राहिली ती अशी. काही वर्षांत करातून जमलेली रक्कम खर्चापेक्षा जास्त राहू लागली आणि राज्याने आपला जुळवणीचा वाटा घालण्यात हात आखडता घेतला. कर आटत नव्हता, पण काम निघण्याचा वेग यंत्रणेच्या हाती होता. निधी असला की काम निघतेच, हा समज चुकीचा ठरला.

कायदा : प्रत्येक कलमाने एक पळवाट बुजवली

शासन निर्णय मंत्रिमंडळ एका बैठकीत फिरवू शकते. कायदा फिरवायला सभागृहात हात वर करावे लागतात, आणि मजुरांच्या विरोधात हात वर करायला कोणी धजावत नाही. म्हणून पागे यांचा आग्रह कायद्याचा होता. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना दोन्ही सभागृहांनी 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७' एकमताने मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २० झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मधल्या काळात बरेच काही बदलले होते. वसंतदादांचे सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले होते. पागे एप्रिल १९७८ मध्येच सभापतिपदावरून उतरले होते. मंजूर एका सरकारने केला, अमलात दुसऱ्याने आणला, आणि कोणालाही तो मागे घ्यावासा वाटला नाही. कायद्याचा आग्रह किती योग्य होता ते यावरून कळते.

मूळ कायद्याची यंत्रणा साधी होती. ग्रामीण भागातला कोणीही प्रौढ, स्त्री वा पुरुष, गावपातळीवर नाव नोंदवतो. काम हवे असेल तेव्हा मागणीचा अर्ज देतो आणि निदान तीस दिवस सलग काम करण्याची तयारी दाखवतो. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे. न मिळाल्यास बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. कोणते काम हवे हे मजुराने निवडायचे नाही. काम सहसा पंचायत समितीच्या हद्दीत द्यायचे, पण कायद्याची हमी जिल्ह्यापुरती होती. कामात ठेकेदार नको. एकूण खर्चापैकी निदान साठ टक्के मजुरीवर गेला पाहिजे. निदान पन्नास मजूर असतील आणि चालू कामांवर त्यांची सोय होत नसेल, तरच नवे काम काढायचे. बाई-पुरुषाला एकच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांची सोय.

योजना चालवायला नियोजन विभाग निवडला, तोही विचारानेच. कामे पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन आणि जिल्हा परिषद करणार. यांपैकी एकाच्या हाती योजना दिली असती तर ती त्याच्याच कामांची झाली असती. नियोजन विभागाकडे स्वतःची कुदळ नाही, फक्त निधी आणि हिशेब. जिल्ह्यात जिल्हाधिकारी, त्यांच्या हाताखाली उपजिल्हाधिकारी (रोहयो, म्हणजे रोजगार हमी योजना), तालुक्यात तहसीलदार. तांत्रिक मंजुरी त्या-त्या खात्याची. मंजूर झालेली पण सुरू न केलेली कामे आराखड्यात तयार ठेवायची. कचेरीच्या भाषेत ती 'शेल्फवरची कामे'. आमदारांना दूर ठेवले नाही, आणि विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून जिल्हाधिकाऱ्यांना हिशेब विचारते, ही परंपरा तेव्हापासूनची.

खड्ड्याच्या काठावर

कायद्याची कसोटी मजुरीच्या मोजणीत लागते. मजुरी दिवसावर नसते, कामाच्या मापावर असते. साधारण कुवतीच्या माणसाने सात तास नीट काम केले तर शेतमजुरीच्या किमान दराइतके पैसे पडावेत, असे दर बांधलेले असतात. माप घनमीटरमध्ये, दर मातीच्या प्रकाराप्रमाणे, आणि माती किती लांब वाहून नेली, किती वर चढवली त्याप्रमाणे वाढतो.

समजा आठ जणांच्या टोळीने चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असा खड्डा खोदला. माप सहा घनमीटर. मोजायला आठवडाभर कोणी आले नाही, मधे एक सर आली आणि काठ ढासळून तळात दहा सेंटिमीटर गाळ बसला. आता खोली चाळीस सेंटिमीटर, माप ४.८ घनमीटर. टोळीची एक पंचमांश मजुरी गेली, आणि कोणी लबाडी केलेली नाही. म्हणून खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा ठोकळा न खणता ठेवतात. त्यावरून खरी खोली कळते. तो माप घेईपर्यंत फोडू द्यायचा नाही. टोळीतल्या कोणीतरी लिहिता-वाचता येणाऱ्याने लांबी-रुंदी-खोली त्याच दिवशी वहीत टिपून ठेवली, की सरकारी मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहता येते.

दुसरी गळती मातीच्या वर्गवारीत होते. कठीण मुरमाचा दर मऊ मातीपेक्षा जास्त. पुस्तिकेत 'मऊ माती' असा शब्द पडला की घाम मुरमाचा आणि पैसे मातीचे. मजूर 'आमाला कमी पडलं' एवढेच म्हणतो. नेमके कुठे कमी पडले ते त्याला दाखवता येत नाही. तिसरी गळती मस्टरवर. हजेरीपत्रकात कधीच कामावर न आलेली नावे घुसवायची आणि मूळ टोळीचे माप त्या नावांत वाटायचे. पैसे उचलणारा वेगळा, खणणारा वेगळा. हजेरीपत्रक कामाच्या जागीच ठेवायचे, रोज मोठ्याने नावे वाचायची आणि मजुरी सर्वांसमोर द्यायची, हे तीन साधे नियम ज्या तालुक्यांत कसून पाळले, तिथे खोटी नावे टिकली नाहीत.

कुठे बिघडले

सगळ्यात मोठा बिघाड अर्जाच्या पोचपावतीत आहे. पंधरा दिवसांची मुदत अर्जाच्या तारखेपासून सुरू होते. तारीख घातलेली पोच नसेल तर मुदतच सुरू होत नाही. म्हणून कचेऱ्यांनी सोपी वाट काढली : अर्ज घ्यायचा नाही, किंवा घेतला तरी पोच द्यायची नाही. 'काम निघाले की सांगतो' एवढे तोंडी सांगायचे. बेकारी भत्ता प्रत्यक्षात फारच क्वचित दिला गेला याचे मुख्य कारण हेच. संघटना जिथे मजबूत होत्या तिथे त्या सामूहिक अर्ज देत, शिक्का मारून घेतल्याशिवाय कचेरी सोडत नसत, आणि काम निघे.

भत्त्याची रक्कमही दोषी आहे. रोज एक रुपया त्या काळच्या शेतमजुरीपुढेही तुटपुंजा होता. काम न देण्याचा दंड काम देण्याच्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडला. एकमत साधण्यासाठी इथे पागे आणि सरकार दोघेही खाली उतरले, आणि हमीचा दात तिथेच बोथट झाला असे आमचे मत आहे. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्यात भत्ता मजुरीच्या प्रमाणात बांधला गेला : पहिल्या तीस दिवसांना निदान पाव, नंतर निदान निम्मा.

साठ-चाळीसच्या (साठ टक्के मजुरी, चाळीस टक्के साहित्य) अटीचा उलटा परिणाम रस्त्यांवर दिसला. मोऱ्या, दगडी सोलिंग, मजबुतीकरण यांत साहित्याचा खर्च जास्त. चाळीस टक्क्यांत बसत नाही. मग मातीकाम करायचे आणि थांबायचे. दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्याजवळ रस्ता तुटायचा. मजुरीचा वाटा राखणारी अट योग्यच होती, पण उरलेल्या साहित्याचा खर्च दुसऱ्या योजनेतून जोडून घेण्याची सोय वेळेवर झाली नाही. पन्नास मजुरांची अट डोंगराळ वाड्या-पाड्यांना जाचली. सात-आठ घरांच्या पाड्यावर पन्नास माणसे आणायची कुठून? आणि पाझर तलावाचा फायदा मुख्यतः त्यालाच झाला, ज्याची विहीर खालच्या अंगाला होती. तलाव भूमिहीनांनी खणला, ऊस दुसऱ्याच्या शेतात उभा राहिला.

१९८८ मध्ये किमान वेतनाच्या दरवाढीनंतर योजनेचे दर जवळपास दुप्पट झाले. मजुरांच्या दृष्टीने हा मोठा विजय. पण त्यानंतर कामावरची हजेरी घटली, आणि ती केवळ गरज ओसरल्यामुळे नव्हती. कामे काढतानाच हात आखडले गेले. कायद्यातले 'मागेल त्याला' हे शब्द तसेच राहिले, 'मागितल्याची' नोंद मात्र कमी झाली. पोचपावतीचा मुद्दा पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

१९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात आंबा, डाळिंब, काजू, बोर लावायचे, खड्डे खणण्याची मजुरी हमीतून. राज्यात फळबागांचे क्षेत्र वाढले यात तिचा मोठा वाटा आहे. मात्र सार्वजनिक कामावरून योजना खासगी शेताकडे सरकली तीही इथूनच. त्याच वर्षी, १९९० मध्ये, पागे यांचे निधन झाले.

केंद्राचा कायदा आणि महाराष्ट्राचा शिल्लक भाग

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, साठ-चाळीस, ठेकेदाराला मज्जाव, कामावर सावली-पाणी-पाळणाघर, ही कलमे ओळखीची वाटतात ती त्यामुळेच. फरक दोन ठिकाणी पडला. केंद्राने हमी कुटुंबाला दिली आणि वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या कायद्यात हमी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती आणि दिवसांना मर्यादा नव्हती. घरातल्या सासूला, सुनेला आणि मुलाला प्रत्येकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येत होता. कुटुंबाचे कार्ड झाल्यावर शंभर दिवस घरात वाटून घ्यायची वेळ आली, आणि वाटणीत बाईच्या वाट्याला काय येते हे कोणाही गावातल्या माणसाला सांगायला नको.

२००६ मध्ये राज्याने आपला कायदा केंद्राच्या कायद्याशी जुळवून घेतला, पण रद्द केला नाही. शंभर दिवस संपल्यावर काम मागणाऱ्याचा खर्च राज्याने उचलायचा, ही व्यवस्था ठेवली. त्यासाठीचा पैसा ज्या निधीतून यायचा, त्याचा एक मोठा झरा म्हणजे पगारपत्रकातली ती २०० रुपयांची ओळ. हमीचे दिवस संपल्यावर काम मागायला गेलेल्या मजुराने अर्जाची तारखेसह पोच हातात घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये.